लेम्पी हार्जूचे नऊ सेकंद

वेंडेल तेर्वोने त्या रविवारी जे केलं ते चांगल्या हेतूने केलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या आल्टो रिजमध्ये आजवर जेवढं काही बिघडलं आहे ते सगळं चांगल्या हेतूनेच बिघडलं आहे. वाईट हेतू बाळगायला अंगात जो उत्साह लागतो, तो फेब्रुवारीत सुपीरियर सरोवराच्या या काठावर कुणाजवळच नसतो.

रिज रेडिओ हे आमच्या गावचं केंद्र जुन्या बंबखान्यात आहे. चालवणारे सगळे हौशी. वेंडेल तिथला बिनपगारी इंजिनिअर. कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं विजेचं काम करून तो निवृत्त झाला, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या बायकोने, जोआनने, त्याला सांगितलं, "तुला दुरुस्त्या करायच्या असतील तर खुशाल कर, पण दुसऱ्याच्या घरातल्या." तेव्हापासून तो बंबखान्यात असतो.

त्याने दोन चांगली कामं केली. पहिलं असं. जानेवारीत मासेमारीचा कार्यक्रम करणारा गृहस्थ बोलता बोलता मायक्रोफोनसमोर झोपी गेला. अकरा मिनिटं केंद्रावरून काहीही आलं नाही, आणि एकाही श्रोत्याने फोन केला नाही. गावाला वाटलं, मासा गळाला लागायची वाट बघतोय. पण केंद्राची नवी व्यवस्थापिका, डेट्रॉइटकडून आलेली ब्रायना केसलर, हे ऐकून पांढरीफटक पडली. तिच्या सांगण्यावरून वेंडेलने एक पेटी बसवली. सहा सेकंद शांतता झाली की ही पेटी समजणार, कार्यक्रम मेला. आणि आपणहून राखीव संगीत सुरू करणार. राखीव संगीत म्हणून वेंडेलने अकॉर्डियनवरचा एक दणदणीत पोल्का, म्हणजे लग्नात नाचायची धून, भरून ठेवला होता.

दुसरं चांगलं काम त्याने लेम्पी हार्जूबाईंसाठी केलं. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्या अर्धा तास जुन्या रेडिओवरचे विनोदी कार्यक्रम ऐकवतात. एकोणतीस वर्षं ऐकवताहेत. त्यांच्या रिळांवर खरखर फार. वेंडेलने हिवाळाभर बसून ती रिळं संगणकावर उतरवली आणि आवाज असा धुऊन काढला की काही विचारू नका. काचेसारखा.

दोन चांगली कामं त्या रविवारी पाच वाजून अकरा मिनिटांनी एकमेकांना भेटली.

'डॉब्सची खुर्ची' चालू होतं. पेल्हॅम डॉब्स हा एका लहान गावातला न्हावी. त्याला खोटं बोलता येत नाही, एवढीच त्या कार्यक्रमाची गंमत. त्या भागात बँकेचे मॅनेजर ग्रिम्स खुर्चीत बसलेले असतात. कात्री चालू आहे. कचकच, कचकच. ग्रिम्स विचारतात, "डॉब्स, आज माझ्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. खरं सांग, कसा दिसतोय मी?"

कात्री थांबते.

आणि मग नऊ सेकंद काहीही होत नाही. नऊ सेकंदांनंतर डॉब्स हळूच विचारतो, "येताना तुम्ही टोपी घालून आला होता ना?"

हे नऊ सेकंद आमच्या गावाला पाठ आहेत. लोक त्यासाठी ताटावरून उठत नाहीत, काटा अर्ध्यावर धरून बसतात. त्या रविवारीही बसले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आणि पेटीने ठरवलं की डॉब्स मेला. धडाडधूम पोल्का!

वेंडेल खुर्ची पाडून पेटीकडे धावला. एक बटण दाबलं तर पोल्का आणखी मोठा झाला. दुसरं दाबेपर्यंत टोपी गेली, ग्रिम्स गेले, आणि एक बाई गोड आवाजात कपडे धुण्याच्या साबणाविषयी सांगत होती. टेबलावरचा फोन वाजला. लागोपाठ तीनदा वाजला. आमच्याकडे एका संध्याकाळी तीन फोन म्हणजे दंगल.

काचेपलीकडे हार्जूबाई बसल्या होत्या. त्यांनी कानावरचे हेडफोन काढले. कार्यक्रम संपेपर्यंत हलल्या नाहीत. मग बूट घातले, कोट घातला, मफलर गुंडाळला, टोपी घातली, हातमोजे चढवले. फेब्रुवारीत या कामाला चार मिनिटं लागतात, आणि ती चारही मिनिटं त्या वेंडेलकडे बघत होत्या.

"मिसेस हार्जू, मी जरा..." वेंडेल म्हणाला.

दार लागलं.

सहासष्ट वर्षांचा वेंडेल तिथे उभ्या उभ्या सात वर्षांचा झाला. त्याचं कारण असं, की हार्जूबाई चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. गावात पस्तिशीच्या पुढचं जे कुणी आहे, ते त्यांच्या हातचं जेवून मोठं झालेलं आहे. ताटातलं गाजर संपवल्याशिवाय दुसऱ्यांदा काही मिळत नसे. त्या ओरडत नसत. पळी भरून ताटावर धरायच्या आणि ओतायच्याच नाहीत. त्या धरलेल्या पळीखाली भल्याभल्यांनी खिडकी फोडल्याचं कबूल केलेलं आहे. वेंडेल अजून गाजर आधी खातो.

आता वय चौऱ्याऐंशी. उंची बेताची, पाठ सरळ, आणि तोंडातून शब्द मोजून. तसे आमच्याकडे सगळेच मोजून बोलतात. आमचे आजे-पणजे फिनलंडहून तांब्याच्या खाणींत आले ते येताना फारसं सामान घेऊन आले नाहीत. गप्प बसणं तेवढं बरोबर आणलं. पण हार्जूबाईंचं गप्प बसणं वेगळं. त्यात निकाल असतो.

त्यांचे वडील एइनो रौतिओ खाणीत होते. त्यांना इंग्रजी फक्त खाणीपुरतं येत असे: 'थांब', 'वर ओढ', 'वाक'. घरात रेडिओ आला तेव्हा लेम्पी सहा वर्षांची होती. रविवारी संध्याकाळी मुलं रेडिओभोवती कोंडाळं करून खिदळायची, आणि एइनो मागे खुर्चीत, दगडी खांबासारखे. त्यांना त्यातला शब्द कळत नसे. एका रविवारी डॉब्सची कात्री थांबली. खोलीत शांतता. आणि मुलांना मागून कसलासा आवाज आला. वळून बघतात तो बापाचे खांदे हलताहेत! डोळ्यांत पाणी, हात पोटावर.

आईने घाबरून विचारलं, "अहो, काय म्हणाला तो?"

"अजून काही म्हणालाच नाही," एइनो म्हणाले आणि आणखी हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "हा आपल्यातला दिसतोय."

तिथून पुढे रविवार एइनोंचा. या देशातली पहिली गोष्ट जी त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नाही, ती डॉब्सचं गप्प बसणं. शब्द नंतर आले. लेम्पीबाई सांगतात, बाबा इंग्रजी शिकले ते त्या शांततेच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते कळावं म्हणून.

पुढे रेडिओवरून हे सगळं गेलं, घरोघर टीव्ही आला. छत्तिसाव्या वर्षी लेम्पीबाईंना कळलं की देशात ठिकठिकाणी काही वेडे लोक हे जुने कार्यक्रम रिळांवर भरून ठेवतात आणि टपालाने एकमेकांना पाठवतात. तू मला सहा दे, मी तुला सहा देतो. त्या दिवसापासून हार्जूंच्या घरी चौकोनी पाकिटं यायला लागली. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान आर्विड यांनी फळ्या ठोकून दिल्या. वर्षभरात टॉवेल ठेवायला जागा उरली नाही. नेब्रास्कातल्या एका गृहस्थाने रिळात जागा वाचावी म्हणून साबणाच्या जाहिराती कापून पाठवल्या. त्याला बाईंनी दोन ओळींचं पत्र लिहिलं: 'साबण कुठे आहे? माझी रिळं परत पाठवा.' त्याच्याशी देवाणघेवाण कायमची बंद. आर्विडनी एकदा भीतभीत विचारलं होतं, "अगं, जाहिरातच ना?" तर म्हणाल्या, "आज साबण कापला. उद्या काय कापेल?"

मुलगा रूडी याच रिळांवर वाढला, आणि त्याची मुलगी सिग्ने पाळण्यातच कात्रीचा आवाज ओळखायला शिकली. अजूनही रविवारी तिन्ही पिढ्या एका टेबलाशी बसतात. बाई आधी बंबखान्यातून गावाला ऐकवतात, आणि घरी येऊन तेच पुन्हा घरच्यांबरोबर ऐकतात.

तर अशा बाई सोमवारी सकाळी आठ वाजता वेंडेलच्या दारात. जोआनने दार उघडलं, बघितलं, आणि "वेंडेल, तुझ्यासाठी आहे," म्हणून तळघरात निघून गेली.

"ते काय होतं?" बाईंनी विचारलं.

"पोल्का, मिसेस हार्जू."

"पोल्का मला कळतो. माझ्या लग्नात वाजला होता. डॉब्सच्या तोंडात तो कुणी कोंबला?"

वेंडेलने पेटीची हकिकत सांगितली. सहा सेकंद, राखीव संगीत, मासेमारीवाला, सगळं.

"म्हणजे तू असं यंत्र आणलंस," बाई सावकाश म्हणाल्या, "ज्याला गप्प बसलेला माणूस मेलेला वाटतो."

"हो... साधारण तसंच."

"या गावात! अरे, ते यंत्र चर्चमध्ये नेऊन ठेव, पाद्र्यासकट सगळ्यांना पुरून मोकळं होईल!"

"मी ब्रायनाशी बोलतो. पेटीला सांगता येईल, जरा दम धर म्हणून."

"बोल," बाई म्हणाल्या. "आणि नीट बोल. तुझं ते 'बघतो, करतो' नको."

वेंडेल बुधवारी ब्रायनाशी बोलायला गेला आणि आपण काही बोलायच्या आत ऐकून आला.

ब्रायना वाईट मुलगी नाही. तिने बंबखान्याचं गळकं छप्पर बदलून घेतलं, सातही दिवस राबते, बर्फ पडलं तर फावडं घेऊन स्वतः वाट काढते. पण ती आल्या दिवसापासून चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंना 'लेम्पी' म्हणून हाक मारते, आणि बोलताना दोन वाक्यांमध्ये श्वास घेत नाही.

"हे बघ वेंडेल, पेटीचं काहीही चुकलेलं नाही, पेटीने आपलं काम केलं. मला लेम्पीचा कार्यक्रम बंद करायचा नाहीये, मला तो आवडतो, फार गोड आहे. पण नऊ सेकंद? श्रोत्याला वाटतं रेडिओ बिघडला. बोट लगेच पुढच्या केंद्राकडे जातं."

पुढचं केंद्र नव्वद मैलांवर आहे आणि ढग असले की लागत नाही, हे वेंडेलच्या जिभेवर आलं होतं.

"तर तू एक कर. तो गप्प बसतो ना, ते सगळीकडे कापून तीन सेकंदांवर आण. तीन पुष्कळ झाले. तेवढ्यात काय विचार करायचा तो करेल. मंगळवारी मंडळाची सभा आहे, त्यात रीतसर ठराव करून घेते. नाहीतर मग पाच वाजता दुसरं काहीतरी घ्यावं लागेल."

"बघतो," वेंडेल म्हणाला.

आणि घरी जाऊन त्याने खरोखरच बघितलं. संगणकात तशी सोयच होती. एक बटण: 'रिकाम्या जागा काढून टाका'. दाबलं. पट्टीवर डॉब्सच्या आवाजाच्या टेकड्या होत्या, त्यांच्यामधली तीन सेकंदांवरची सपाट जमीन नाहीशी झाली आणि टेकड्या एकमेकींजवळ सरकल्या. नीटनेटकं दिसत होतं. वेंडेलला वाटलं, बाईंना ऐकवून तर बघावं. कार्यक्रम तरी वाचेल.

गुरुवारी दुपारी तो हार्जूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. रूडी बर्फ काढायच्या गाडीची पाळी संपवून आला होता, सिग्ने नर्सिंग कॉलेजातून सुट्टीवर घरी होती. कॉफी, वेलचीचा गोड पाव. वेंडेलने लावलं.

कचकच, कचकच. "खरं सांग, कसा दिसतोय मी?" कात्री थांबली. एक, दोन, तीन. "येताना तुम्ही टोपी घालून आला होता ना?" हशा.

स्वयंपाकघरात कुणी हसलं नाही. रूडीने पावाचा तुकडा तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच राहिला.

"आजी," सिग्ने म्हणाली, "हा मेला कुठला डॉब्स?"

"तोच आहे," वेंडेल घाईने म्हणाला. "शब्दन् शब्द तोच आहे. मी फक्त मधलं रिकामं..."

"नाही हो. आपला डॉब्स इतका वाईट नाहीये. हा खवचट आहे. याने टोपीचं आधीच ठरवून ठेवलं होतं."

बाईंनी कपाची बशी बाजूला सरकवली.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "वीस वर्षांच्या पोरीला कळलं. अरे, त्याला खोटं बोलता येत नाही, आणि समोरच्याचं मन मोडवत नाही. म्हणून तो उभा आहे तिथे, कात्री हातात धरून. शोधतोय बिचारा. खरं असेल आणि लागणार नाही असं काहीतरी शोधतोय. नऊ सेकंद शोधतोय! शोधून शोधून त्याला टोपी सापडली. त्याचा सगळा भलेपणा त्या नऊ सेकंदांत आहे, आणि तू त्याला रिकामी जागा म्हणतोस?"

"यंत्र म्हणतं तसं, मी नाही."

"यंत्राला कुणी विचारलं? एका चांगल्या माणसाचा तू उर्मट माणूस केलास, वेंडेल. एका बटणात. अख्ख्या गावाने ऐकावा म्हणून!"

वेंडेल मान खाली घालून पावाचा चुरा गोळा करत होता. तेवढ्यात बाईंचा चेहरा आणखी बदलला.

"पुन्हा लाव. ती कात्री थांबते तिथून."

त्याने लावलं. बाई कान देऊन ऐकत होत्या.

"माणसं कुठे गेली?"

"कुठली माणसं?"

"थिएटरातली. कार्यक्रम होताना समोर बसलेली. हसायच्या आधी श्वास धरून बसतात ती. कुणी खोकायचा, कुणाची तरी खुर्ची करकरायची. ती तीन-चारशे माणसं कुठे गेली?"

वेंडेलला आता सगळं कळलं, आणि न कळतं तर बरं असं झालं. "ती... मला वाटलं खरखर आहे, मिसेस हार्जू. ती मी साफ केली. सगळ्याच रिळांवरची."

रूडी उठला आणि खिडकीतून बाहेर बर्फ बघायला लागला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"साफ केली," बाई म्हणाल्या. "म्हणून तुझ्या पेटीला वाटलं कुणी नाही. बरोबरच आहे पेटीचं! तू आधी माणसं बाहेर काढलीस आणि मग पेटी म्हणाली, इथे कुणी नाही!" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सिग्नेने हळूच पाव आपल्याकडे ओढून घेतला. "माझे वडील त्या माणसांबरोबर हसले होते. त्यांना भाषा येत नव्हती, त्या लोकांचा श्वास येत होता. आणि तू फडका घेऊन बसलास!"

परतताना वेंडेल गाडीत तसाच बसून राहिला. सबंध हिवाळा त्याने डॉब्सबरोबर काढला होता. पण गिरणीत जन्म गेलेला माणूस. त्याने फक्त खरखर कुठे आहे आणि कशी बंद करायची, एवढंच ऐकलं होतं. डॉब्स त्याने ऐकलाच नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी सहाला मंडळाची सभा. पाच सभासद, अध्यक्ष ओन्नी साल्मेला, लोखंडी सामानाचे दुकानदार, वय अठ्ठ्याहत्तर. घडीच्या खुर्च्यांवर गावातली तीसएक माणसं कोटासकट बसलेली. ब्रायनाने तक्ते दाखवले, श्रोत्यांचं बोट कुठे जातं ते सांगितलं. मग गावकऱ्यांची पाळी. ज्याला बोलायचं त्याला तीन मिनिटं मिळतात. आजवर ती कुणी पुरी वापरलेली नव्हती. सगळ्यात लांब भाषण चाळीस सेकंदांचं, तेही बंबखान्याला आग लागली होती तेव्हाचं.

हार्जूबाई उठल्या. लोकांना वाटलं, दोन वाक्यं बोलून बसतील.

"मी या गावाला चौतीस वर्षं जेवायला घातलं," त्या म्हणाल्या. "कुणाचं ताट अर्धं भरून पाठवलं नाही. आता हे म्हणतात, माझं ताट अर्धं करून वाढा, लोकांना घाई आहे. कुणाला घाई आहे? हात वर करा. ओन्नी, तुला आहे? तू एक खिळा मोजायला पाव तास घेतोस. या बाई म्हणतात, रेडिओ गप्प झाला की लोकांना वाटतं बिघडला. अहो, आमच्या घरांत लग्नं गप्प राहून ठरली आहेत! माझ्या आर्विडने मागणी घातली तेव्हा मी तीन मैल चालेपर्यंत उत्तर दिलं नाही. तो बरोबर चालत राहिला. त्याला पेटी बसवली असती तर सहाव्या सेकंदाला पोल्का वाजला असता, आणि हा रूडी आज इथे नसता!"

रूडी लाल झाला.

"बोलणारी माणसं हल्ली कुठेही मिळतात. भिंतीवर आहेत, खिशात आहेत, पेट्रोल भरायच्या पंपावरसुद्धा एक बाई बोलत असते. सगळीकडे भरलेलं आहे, बोट घालायला फट नाही. आठवड्यातून एकदा, नऊ सेकंद, एक माणूस दुसऱ्याला काही लागेल असं बोलण्याआधी थांबतो. तेवढं तुम्हाला सहन होत नाही? तेवढ्यात बोटं पळतात? मग पळू द्या! ज्याचं बोट नऊ सेकंदांत पळतं, त्याच्यासाठी मी एकोणतीस वर्षं बर्फातून येत नाही. कापायचंच असेल तर माझा सबंध कार्यक्रम कापा. पण डॉब्सला कात्री लावाल तर मी रिळं घरी नेईन, आणि तुम्ही पाच वाजता एकमेकांची तोंडं बघत बसा."

त्या बसल्या. घड्याळात तीन मिनिटं पुरी व्हायला वीस सेकंद बाकी होते.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ब्रायनाने घसा खाकरला. "लेम्पी, मनापासून बोललात, थँक यू. तर मग ठराव: सगळ्या कार्यक्रमांत शांतता तीन सेकंदांपेक्षा जास्त नको. सगळे सहमत?"

पाची सभासद समोर बघत राहिले. तीस माणसं समोर बघत राहिली. हीटरची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. ब्रायनाने एकेकाकडे बघितलं, वाट बघितली, आणि हुश्श करून वहीत लिहायला घेतलं. "छान. कुणाचाच विरोध नाही. एकमताने मंजूर."

"अहो बाई," ओन्नी साल्मेला म्हणाले, "नाही म्हणालेत ते."

"कोण? कुणीच काही बोललं नाही!"

"तेच सांगतोय. एकजात सगळे नाही म्हणालेत. मी पन्नास वर्षांत इतका विरोध बघितला नव्हता."

ब्रायनाने वेंडेलकडे बघितलं, हा तरी सांगेल म्हणून. वेंडेल उठला. "मी सहमत नाही," तो म्हणाला, मोठ्याने, म्हणजे तिला कळेल अशा भाषेत. "पेटी मी बसवली, माणसं मी काढली. रविवारी पाच ते साडेपाच पेटी बंद राहील आणि मी तिच्या जागी बसेन. डॉब्स जिवंत आहे की नाही ते मी बघतो."

ब्रायनाने वहीतली ओळ खोडली. रागाने नाही, पण कागद फाटला.

सभेनंतरच्या रविवारी बाईंनी मूळ रीळ आणलं आणि जुन्या यंत्रावर चढवलं. वेंडेल पेटीच्या जागी बसला, बोट बटणावर. ब्रायना काचेशी उभी. कचकच, कचकच. "खरं सांग, कसा दिसतोय मी?"

कात्री थांबली आणि माणसं आली. वेंडेलने आयुष्यात पहिल्यांदा ती ऐकली. एवढ्या माणसांचा धरलेला श्वास, कुठेतरी एक खोकला दाबलेला, मागे कुणाची तरी खुर्ची. पाचव्या सेकंदाला त्याचं बोट आपोआप खाली जाऊ लागलं. ब्रायनाने घड्याळाकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि डोळे मिटून घेतले. सातव्याला वेंडेलला डॉब्स दिसला: पांढऱ्या झग्यात, घामाघूम, ग्रिम्सच्या डोक्याकडे बघत. बोट बटणावरून कधी निघालं ते त्याला समजलं नाही.

फोन एकदाही वाजला नाही. आमच्याकडे याहून मोठी दाद नसते.

"मला नाही झेपत हे," ब्रायना नंतर म्हणाली. "पण चालू दे."

सोमवारी दुपारी वेंडेल यंत्र घेऊन हार्जूंच्या घरी हजर झाला. सगळी रिळं पहिल्यापासून उतरवायची होती, खरखरीसकट. बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. आता एकट्या वेंडेलच्या हाती त्या रीळ द्यायला तयार नव्हत्या. पहिल्या रिळाची एक बाजू झाली. वेंडेल सौनाच्या खोलीत डोकावून आला. वीतभर उंचीच्या खोक्यांच्या ओळी, जमिनीपासून छतापर्यंत.

"मिसेस हार्जू," तो जरा चाचरत म्हणाला, "या रिळांना घाई करता येत नाही. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला अर्धा तासच लागणार. मी हिशेब केला, तुमची नव्वदी उलटेल. आपल्या दोघांचं वय काय, मध्येच एखाद्याला काही झालं, म्हणजे देव न करो, पण तुम्हाला खरंच वाटतं हे आपल्या हातून पुरं होईल?"

"मग बडबड थांबव आणि दुसरी बाजू लाव."